मसूरचे स्टेशन आणि मीटिंगमधले इंग्रजी

साताऱ्याहून कराडकडे निघालात की उंब्रजच्या आसपास इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासेसचे फलक डोळ्यांत भरतात. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, इंटरव्ह्यूची हमखास तयारी, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. फलकावर कोट-टाय घातलेला एक गोरा, हसरा तरुण असतो. तो आपल्या भागातला नसतो, एवढे नक्की.

या फलकांना नुसते हसून भागत नाही. रविवारी विहारात आमच्या अभ्यासवर्गाला बसणारी पोरे-पोरी याच फलकांखालून ये-जा करतात आणि त्यांची अडचण खरी आहे. कुणी तासवडे एमआयडीसीत क्वालिटीला आहे, कुणी पुण्याला हिंजवडीत, कुणी बँकेत. डिप्लोमा झालेला आहे, डिग्री झालेली आहे. मेल लिहिता येतो, ड्रॉइंग वाचता येते, एक्सेल तर ही पोरे साहेबाला शिकवतील. पण मीटिंग सुरू झाली की घसा बसतो. काम यांनी केलेले असते आणि प्रेझेंटेशन शेजारच्या खुर्चीतला करतो. शेवटी साहेब ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणतो तेव्हा मनात चार प्रश्न असतात, तोंडातून एक निघत नाही. वर्षअखेरीला अप्रेझलच्या कागदावर एकच शेरा येतो, ‘कम्युनिकेशन कमी पडते’. पगारवाढही त्या शेऱ्यापाशीच अडते.

क्लासवाला सांगतो, उच्चार सुधारा, आत्मविश्वास वाढवा. आत्मविश्वास म्हणजे जणू किराणा दुकानात मिळणारी वस्तू. आमचे म्हणणे वेगळे आहे. मीटिंगमध्ये बोलायचे इंग्रजी ही आपल्यासाठी आयटी कंपन्यांबरोबर आलेली नवी गोष्ट नाही. जिथे निर्णय होतो त्या टेबलासमोर उभे राहून, आकडे देऊन, उलटतपासणी झेलून आपली बाजू मांडायची, यासाठी आपल्या चळवळीने शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी कमावले. ते कसे कमावले, त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हा इतिहास आपल्या तरुणांना ठाऊक हवा. त्यातला बराचसा भाग तर आपल्या सातारा जिल्ह्यातच घडला.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागते. त्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, सावित्रीमाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. दोन्ही सातारा जिल्ह्यात. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीमाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, हे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. पण जोतीरावांनी शिकलेल्या इंग्रजीचे पुढे काय केले, हे कमी सांगितले जाते. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली. १९ ऑक्टोबर १८८२ चे त्यांचे निवेदन हंटर शिक्षण आयोगापुढे गेले तेही इंग्रजीत. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि त्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, हा त्या निवेदनाचा गाभा आहे. पैसा कुणाकडून येतो, कुणावर खर्च होतो, बदल काय हवा. आजच्या कुठल्याही बजेट मीटिंगमध्ये हेच तीन मुद्दे असतात.

फुल्यांना हे स्वतः करता आले. अस्पृश्यांमधल्या त्या काळच्या पुढाऱ्यांपुढे मात्र मोठा पेच होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने लष्करात महारांची भरती बंद केली. पेन्शनीत निघालेल्या सैनिकांच्या पोटावर आणि पुढच्या पिढीच्या शिक्षणावर हा घाला होता, कारण आपल्यातले बहुतेक शिकलेले लोक पलटणीच्या शाळांतूनच शिकलेले होते. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः पलटणीतल्या शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. भरतीबंदीविरुद्ध सरकारला अर्ज करायचा ठरला तेव्हा त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेले आहे. अर्ज आपला आणि मसुदा दुसऱ्याचा, ही त्या पिढीची अवस्था होती. रानड्यांनी मदत केली याबद्दल आमच्या मनात कडवटपणा नाही. पण दुसऱ्याच्या लेखणीतून गेलेली मागणी किती धार ठेवून जाते, हे ती लेखणी धरणाराच ठरवत असतो. मीटिंगमध्ये आपले काम शेजारचा मांडतो तेव्हा आजही वेगळे काही घडत नाही.

त्याच सुमारास पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारा हा माणूस. साहेबांच्या टेबलाशी उभे राहून जे इंग्रजी कानावर पडले, ते त्यांनी पचवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी सासवडला ५१ गावच्या महारांची सभा घेतली, सरकारकडे अर्ज पाठवला, १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन धाडले. हॉटेलात, मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये ‘सर, मॅडम’ म्हणत इंग्रजी शिकणाऱ्या आजच्या पोरांनी कांबळ्यांचे चरित्र जरूर वाचावे. इंग्रजी तेच असते. साहेबाला चहा देतानाचे वाक्य आणि साहेबाकडे हक्क मागतानाचे वाक्य यांच्यात फरक पडतो तो माणसाने घेतलेल्या भूमिकेचा.

आता साताऱ्याच्या शाळेकडे येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या दिवशी शाळाशाळांत भाषणे होतात, हार घातले जातात, आणि एक गोष्ट निसटून जाते. बाबासाहेबांच्या इंग्रजीचा पाया शाळेइतकाच घरातही घातला गेला. रामजींनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग पक्के करून घेतले.

भाषांतर पाठमाला हा शब्द आज कुणाला जुनाट वाटेल. पण यात काय घडते ते पाहा. मराठीतले वाक्य घ्यायचे, त्याचा अर्थ स्वतःला नीट कळला आहे का ते तपासायचे, मग त्याला नेमका इंग्रजी शब्द शोधायचा. रोज. चुकले की पुन्हा. ही सवय जडली की माणूस आधी विचार पक्का करतो आणि मग तोंड उघडतो. आजचे क्लासवाले सांगतात, मराठीत विचारच करू नका, थेट इंग्रजीत विचार करा. ज्याच्या घरी आजोबापासून इंग्रजी पेपर येतो त्याला हे सांगणे सोपे आहे. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले आहे. ते वारशाने मिळते आणि मिळालेल्याला ते स्वतःचे गुण वाटतात. आपल्या पोराने आधी मराठीत मुद्दा घट्ट करावा आणि मग इंग्रजीत न्यावा. रामजींची ती पद्धत होती आणि तिचा निकाल जगाने पाहिला आहे.

पण इथेच थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखे होईल. इंग्रजी आले की जात सुटते, असा एक समज आपल्यातही मूळ धरून आहे. तो खोडायला फार लांब जावे लागत नाही. उंब्रजहून कृष्णा ओलांडून पूर्वेला गेले की मसूर लागते. १९०१ साली याच मसूरच्या रेल्वे स्टेशनवर नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब भावंडांसोबत उतरले होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला पोरे निघाली होती. अंगात नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. वडिलांना आधी पत्र पाठवलेले, पण ते शिपायाने त्यांच्यापर्यंत पोचवलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तर चौकशीला आला. पोरांचे कपडे पाहून त्याला ती चांगल्या घरची वाटली. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? लहानग्या भीमाने सरळ सांगून टाकले, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकून पोरे निघाली.

पुढचा भाग भाषेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचे होते. महार म्हटले तर पाणी मिळणार नाही, म्हणून मुसलमान आहोत असे सांगायचे ठरले. छोट्या भीमाला उर्दू उत्तम येत होते. तो नाकेदाराशी उर्दूत बोलला, जराही शंका येऊ नये अशा उर्दूत. तरीही पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे सगळे पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. तेच पुस्तक पुढे कोलंबिया विद्यापीठात अभ्यासाला लावले गेले.

दुसऱ्याची भाषा अस्खलित बोलून जात लपवण्याचा प्रयोग बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात, त्या वयात करून पाहिला आणि तो फसला. सोळा वर्षांनी, १९१७ साली, तेच बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनची विद्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्यांच्या इंग्रजीला तोवर कुणी नाव ठेवू शकत नव्हते. तरी पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले आणि कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. इंग्रजी होते, नोकरी होती, राहायला खोली मिळाली नाही.

आता कुणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, आज खाजगी कंपनीत फक्त गुणवत्ता पाहतात. मग २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आलेले दोन अभ्यास वाचावेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी क्षेत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, आडनावे वेगवेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जापेक्षा लक्षणीय कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही जात बघत नाही, असे म्हणणारे हे अधिकारी उमेदवाराला कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र आवर्जून विचारत होते आणि त्यात काही गैर आहे असे त्यांना वाटतही नव्हते. मसूरच्या स्टेशनमास्तरचा प्रश्नच आता एसी केबिनमध्ये, मऊ इंग्रजीत विचारला जातो: ‘टेल मी अबाउट युवर फॅमिली.’

म्हणून उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० मध्ये इंग्रजी देवीचे मंदिर उभारायला घेतले गेले, तेव्हा आम्हाला ते पटले नाही. चंद्रभान प्रसाद यांच्या मांडणीत तथ्य आहे. इंग्रजी दलितांपासून दूर ठेवले गेले आणि दूर ठेवणाऱ्यांनी स्वतःची मुले मात्र इंग्रजीत शिकवली. महाराष्ट्रात मराठी अस्मितेची भाषणे ठोकणाऱ्या कित्येकांची नातवंडे कुठल्या शाळेत जातात, हे वेगळे सांगायला नको. पण ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी आता आणखी एका देवीपुढे हात जोडायचे? इंग्रजी हे हत्यार आहे. त्याला धार लावायची, ते वापरायचे, काम झाले की खाली ठेवायचे.

हे हत्यार बाबासाहेबांनी कसे वापरले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, ग्रंथांची नावे घेतो. पण ते कोणकोणत्या बैठकींना बसले आणि तिथे कसे बोलले, हे फारसे अभ्यासत नाही.

९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवरचा निबंध वाचला. आजच्या भाषेत ते प्रेझेंटेशनच. समोरचे श्रोते परदेशी. जातीची झळ त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिथे बाबासाहेबांनी आपल्या दुःखाची कहाणी सांगितली नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून टेबलावर मांडल्या, प्रत्येकीत काय अपुरे आहे ते दाखवले आणि मग स्वतःचा मुद्दा ठेवला की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. आधी इतरांचे म्हणणे प्रामाणिकपणे सांगायचे, मग ते कुठे तोकडे पडते ते दाखवायचे आणि शेवटी आपले. ही पद्धत ज्याला जमली त्याला मीटिंगमध्ये आवाज चढवावा लागत नाही.

तीन वर्षांनी, २७ जानेवारी १९१९ रोजी, मताधिकाराचा प्रश्न पाहणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी आधी लेखी निवेदन दिले आणि मग तोंडी प्रश्नांना तोंड दिले. इथे आपल्या इतिहासाला वळण मिळते. रामजींची पिढी अर्जदार होती आणि अर्जदाराचा कागद गेला की त्याचे काम संपते. त्यांचा मुलगा साक्षीदार झाला. साक्षीदाराला कागदामागे उभे राहावे लागते. हा आकडा कुठून आणला, हे का मागता, ते का नको, असे प्रश्न येतात आणि प्रश्न विचारणारा तुमच्या बाजूचा नसतो.

सायमन आयोगापुढची साक्ष तर आमच्या मते प्रत्येक अभ्यासवर्गात वाचून घ्यावी. बहिष्कृत हितकारिणी सभेचे लेखी निवेदन २९ मे १९२८ चे. पुण्यात प्रत्यक्ष साक्ष झाली २३ ऑक्टोबर १९२८ ला, सोबत डॉ. पी. जी. सोळंकी. आयोगात पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट अ‍ॅटली हे एक सदस्य होते. आयोगावर देशभर बहिष्कार होता आणि साक्ष द्यायला गेले म्हणून बाबासाहेबांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. बाहेरचा हा दबाव आणि समोर कसलेले प्रश्नकर्ते. तिथे त्यांची मागणी दोन पायऱ्यांची होती. प्रौढ मताधिकार देणार असाल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील. तो देणार नसाल तर मग स्वतंत्र मतदारसंघ हवेत. आपली पहिली मागणी कोणती, ती नाकारली तर दुसरी कोणती, आणि तिच्या खाली आपण उतरणार नाही ती रेघ कोणती, हे खोलीत शिरण्यापूर्वीच ठरलेले. पगारवाढीच्या बोलणीत आपली पोरे नेमकी इथे घसरतात. पहिला नकार आला की ‘ओके सर’ म्हणून बाहेर येतात. हा प्रश्न शब्दसंग्रहाचा नाही, खोलीबाहेर करायच्या तयारीचा आहे.

गोलमेज परिषदेतले २० नोव्हेंबर १९३० चे भाषण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थोडक्यातच. त्यात त्यांनी ब्रिटिशांना ब्रिटिशांच्याच राजधानीत हिशोब विचारला. तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला विहीर बंद होती, देऊळ बंद होते, पोलिसात आणि लष्करात जागा नव्हती. तुमच्या दीडशे वर्षांत यातले काय बदलले? एकेका बाबीवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. स्लाइडवर दहा मुद्दे कोंबणाऱ्यांनी हे भाषण एकदा मोठ्याने वाचावे.

आणि १७ डिसेंबर १९४६. संविधान सभेत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. बाबासाहेबांच्या आधी वीस-बावीस वक्ते होते, त्यामुळे आपला क्रमांक दुसऱ्या दिवशी येईल या हिशोबाने ते बसले होते. अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी अचानक त्यांचे नाव पुकारले. तयारी करायला वेळ मिळायला हवा होता, हे त्यांनी सभागृहाला मोकळेपणाने सांगितले आणि लगेच मूळ विषयाला हात घातला. ठराव घाईने मंजूर करू नये, मुस्लिम लीगला येण्यासाठी वेळ द्यावा, ही बॅरिस्टर जयकरांची दुरुस्ती काँग्रेसच्या बहुमताला नको होती. बाबासाहेबांनी तिची बाजू घेतली, पण अशा रीतीने की विरोधी बाकांनीही शांतपणे ऐकले. मीटिंगमध्ये अचानक नाव घेतले की तंतरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे की त्या दिवशी बाबासाहेबांकडे टिपण तयार नव्हते. तयार होता तो तीस वर्षांचा अभ्यास.

तोवर ते केवळ साक्षीदार राहिलेले नव्हते. १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या परिषदा त्यांनी चालवल्या. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांना उत्तर देण्याचा भार बाबासाहेबांवर होता. कुठली स्वीकारायची, कुठली नाकारायची, आणि नाकारताना कारण काय द्यायचे. वडिलांना अर्जाच्या मसुद्यासाठी रानड्यांकडे जावे लागले होते. मुलाने देशाचा मसुदा सांभाळला.

इथे आमचे काही मित्र हरकत घेतात. ते म्हणतात, इंग्रजी शिकून, कोट घालून जे गेले ते वस्तीकडे परत आले नाहीत, मग आणखी इंग्रजी शिकवून काय मिळवणार? ही हरकत हलकी नाही. खुद्द बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाबद्दलची आपली निराशा जाहीर बोलून दाखवली होती. तिला उत्तरही त्यांच्याच वागण्यात आहे. समिती, आयोग, परिषद यांच्याशी ते इंग्रजीत बोलले. आपल्या माणसांसाठी ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे मराठीत चालवली. कुठल्या दारात कुठली भाषा, हे त्यांचे पक्के होते. साहेबाच्या केबिनमधले इंग्रजी घेऊन वस्तीत मिरवणारा त्यांचा वारस नव्हे, आणि वस्तीतली तक्रार केबिनमध्ये नेता न येणाराही अजून तयार झालेला नाही.

बोलण्याचा सराव ही शिकवायची गोष्ट आहे, असे ते मानत. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे आणि जानेवारी १९५० मध्ये, स्वतः कायदेमंत्री असताना, तिथे येऊन ते हिंदू कोड बिलावर बोलले. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात उतरू पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा उघडली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. पाच महिन्यांत बाबासाहेब गेले आणि थोड्याच दिवसांत ती शाळाही बंद पडली. महापुरुषांच्या जयंतीला डीजेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या काही हिश्श्यात ती शाळा तालुक्या-तालुक्यात चालवता आली असती, असे आम्हाला दरवर्षी एप्रिलमध्ये वाटते.

शाळेत कोण इंग्रजी शिकते आणि कोण नाही, याचाही एक अभ्यास मुंबईतून आलेला आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या शाळांची वीस वर्षांची माहिती तपासली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. खालच्या मानलेल्या जातींतली मुले मराठी माध्यमातच राहत होती, कारण त्यांना जातीच्या ओळखीतून कारखान्यात, गोदीत परंपरेने काम मिळत असे. मुलींना असली ओळख कधीच नव्हती, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे जास्त झपाट्याने वळल्या. आमचा वर्गातला अनुभव याच्याशी जुळतो. पाठांतर, वाचन, लेखन यांत मुली पुढे असतात. पण मीटिंगमध्ये त्यांचे वाक्य मध्येच तोडले जाते आणि तोडणारा बहुधा आपल्यातलाच एखादा दादा असतो. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. ‘प्लीज लेट मी फिनिश’ हे वाक्य पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींनी मोठ्याने म्हणायचे आणि सगळ्या मुलांनी ते ऐकून गप्प बसायचे.

आमच्या सरावाची पद्धत साउथबरो आणि सायमनवरूनच घेतलेली आहे. एक जण साक्षीदार, चौघे आयोग. साक्षीदाराने एक पानाचे निवेदन आधी मराठीत लिहायचे, मग इंग्रजीत न्यायचे, दोन्ही प्रती वाटायच्या. पाच मिनिटे मांडणी, पंधरा मिनिटे प्रश्न. मांडणीपेक्षा प्रश्नांना तिप्पट वेळ, कारण पोरे अडखळतात ती तिथेच. आयोगाने सौम्य राहायचे नाही. ‘हा आकडा तुम्हाला कुणी दिला?’, ‘याला खर्च किती?’, ‘एवढे दिले नाही तर काय कराल?’ असे विचारायचे. उत्तर येत नसेल तर ‘आय विल चेक अँड गेट बॅक टू यू बाय फ्रायडे’ म्हणायचे आणि शुक्रवारपर्यंत खरेच कळवायचे. उच्चारावर कुणी कुणाला हसायचे नाही. व्याकरणाच्या चुका शेवटी, कागदावर.

विषय मात्र क्लासवाल्यांसारखे ‘माय फेव्हरिट हॉबी’ छापाचे नसतात. तासवड्यातला पोरगा आपल्या लाइनवर माल का परत येतो ते मांडतो. बँकेतली मुलगी थकीत कर्जाचा तक्ता मांडते. आणि महिन्यातून एकदा गावचा विषय असतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो, तो कागदावर कुठे खर्ची पडला आणि वस्तीत काय दिसते, याची मांडणी येत्या रविवारी आहे. मागील तीन वर्षांचे जमाखर्च माहिती अधिकारातून मागवलेले आहेत. दोन मुली साक्षीदार आहेत. आधी इंग्रजीत आयोगापुढे उलटतपासणी होईल, आणि तेच निवेदन पुढच्या ग्रामसभेत त्या दोघी मराठीत वाचतील.